बारकीचं लवचिक वर्ष

६ जून, सोमवार

कोचने सांगितलं होतं, पोरगी खेळाडू व्हायला हवी असेल तर बापाने वही लिहावी. सराव, वजन, झोप, सगळं रोजच्या रोज. वही आणून तीन महिने झाले, उघडली आज. आणि पहिल्याच पानावर बॉक्सिंगऐवजी शाळा लिहावी लागते आहे.

बारकीने आज वर्गातल्या एका मुलाचं नाक फोडलं. बारकी म्हणजे माझी एकुलती एक, वय वर्षं बारा, वजन चौतीस किलो, तेही पोटभर जेवल्यावर. तो मुलगा दुसऱ्या एका मुलीला वेणीला धरून बाकांमधून ओढत होता. बारकी एकदा म्हणाली, सोड. दुसऱ्यांदा काही म्हणाली नाही, सरळ उजवा ठोसा. फळ्यापर्यंत रक्त उडालं म्हणे. मला मनातून इतकं बरं वाटलं की चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी उगाच खोकत राहिलो.

मुख्याध्यापिकेने दोघांनाही बोलावलं होतं. मी वर्कशॉपमधून तसाच गेलो, केसांत ग्राइंडरची पूड. बायको एका दाताच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते, ती तिथून आली. बाईंनी आधी त्या मुलाचं रडगाणं लावलं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुलीच्या मनात काहीतरी साचलंय. घरी सगळं ठीक आहे ना?" हे विचारताना त्या माझ्याकडे नाही, बायकोच्या मनगटाकडे बघत होत्या. बायकोने बाही खाली ओढली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. टेबलावर हात आपटला तर वरची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली. म्हटलं, माझ्या घरात काय आहे ते मी बघीन, तुमच्या वर्गात काय चालतं ते तुम्ही बघा. तिथेच कागद मागितला आणि नाव काढून घ्यायचा अर्ज लिहिला.

 परत येताना बसमध्ये बारकी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. ती नेहमी मध्येच बसते. लहान होती तेव्हापासून आईबापांना चिकटून.

९ जून, गुरुवार

घरीच शिकवायचं. शिक्षण कार्यालयात जाऊन आलो. परवानगी एका वर्षाची मिळते. दर तीन महिन्यांनी तपासणीला बाई येतात, वह्या बघतात, मुलाशी बोलतात. त्यांचं समाधान झालं नाही तर पोरगी पुन्हा शाळेत. म्हणजे सगळं आपल्या हातात आहे, आणि माझे हात चांगले आहेत.

अर्जात एक रकाना होता, 'मुलाच्या छंद व उपक्रमांनुसार लवचिक नियोजन'. लवचिक हा शब्द मला फार आवडला. आजवर मी खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं आणि जिने बनवत आलो, लोखंडाचा लवचिकपणा काय ते मी जाणतो. प्लायचा एक मोठा तुकडा घेतला आणि खडूने पूर्ण वर्ष मांडलं. पहाटे पळणं, सहा ते आठ कोचच्या हॉलवर, मग खाली वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर गणित, दुपारी दोननंतर आई आली की भाषा, चारला विज्ञान, संध्याकाळी पुन्हा सराव. स्पर्धेच्या महिन्यात अभ्यास अर्धा. स्पर्धा संपली की अभ्यास दुप्पट. कोणत्याही शाळेला असं वर्ष जमलं नसतं.

रात्रीच्या जेवणाआधी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, झोप किती तास धरलीय यात?" खरं सांगायचं तर झोप लिहायची राहिली होती. मी लिहिली. मग म्हणाली, "तिला विचारलंत का?"

बारा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? आणि ज्या सुरात विचारलं तो सूर. माझ्या हातातला चहाचा कप भिंतीवर गेला. कपाचं काय, दुसरा आणता येतो. नशीब प्लायवर चहा उडाला नाही. कोणी सांगायच्या आत बारकीने फडकं आणलं, तुकडे वेचले, भिंत पुसली. शहाणी आहे. नंतर पाहिलं तर आईला तिने स्वयंपाकघरातून बाहेरच येऊ दिलं नव्हतं, दारात स्टूल टाकून तिथेच पाढे म्हणत बसली होती.

२० जून, सोमवार

दहा-बारा दिवस झाले. गणित मी म्हणतो तसंच होतंय. पुस्तकात कोन म्हणजे दोन रेघा. माझ्याकडे कोन म्हणजे पंचेचाळीस अंशात कापलेले दोन चौकोनी पाइप, आणि अर्धा अंश चुकला तर काटकोन तपासायचा गुण्या लावल्यावर फटीतून उजेड दिसतो. आज तिने सहा फुटी जाळीचं माप एकटीने काढलं. मी तपासलं. बरोबर होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर पटकन वाकली, आणि मग हसली. म्हटलं, वा, घरीसुद्धा सराव चालू आहे.

विज्ञानात एक प्रयोग आहे, घरातली एखादी गोष्ट रोज बघा आणि नोंदी ठेवा. बाकीची मुलं वाटीत कडधान्य भिजवून कोंब मोजतात. बारकीने 'घरातले आवाज' हा विषय घेतला. चार रकाने आखले, वेळ, आवाज, आधी काय झालं, नंतर काय झालं. तपासणीच्या बाईंना दाखवायचं म्हणून रोज प्रत्येक पानाखाली मी 'पाहिले' लिहून सही करतो. सगळं वाचायला वेळ कुठे आहे, पण वरवर बघतो. 'सात दहा. ग्राइंडर बंद. नंतर शटर.' 'सात पंधरा. जिन्यावर बूट, सावकाश. आधी फोनवर गिऱ्हाईक ओरडलं. नंतर आईने गॅस बारीक केला.' बघा, गिऱ्हाईक ओरडलं हेसुद्धा तिला वरच्या मजल्यावर ऐकू येतं. आमच्या घरात असे कान कोणाचेच नाहीत.

४ जुलै, सोमवार

आज कोचने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "वीस वर्षं शिकवतोय, असं पोर पाहिलं नाही. समोरच्याचा खांदा हलायच्या आधी हिला कळतं. हे शिकवून येत नाही. कुठून आणलं हिने?"

मी म्हटलं, रक्तातच आहे. मी स्वतः चार वर्षं रिंगमध्ये होतो. जबडा मोडला नसता तर अजून असतो.

म्हणून आज संध्याकाळी मुद्दाम वर्कशॉपमध्ये मी हातमोजे चढवले आणि तिच्यासमोर उभा राहिलो. आणि इथे एक कोडं आहे. हॉलवर जी पोरगी नाकावर माशी बसू देत नाही, ती माझ्यासमोर गार्डच उचलत नाही. हात मांडीजवळ, डोळे माझ्या छातीवर. म्हटलं, हात वर. वर करते, आणि मी पुढे सरकलो की पुन्हा खाली. मी हलकेच दोन टपल्या मारल्या. चुकवल्या नाहीत. बापाचा मान ठेवते आहे की काय? रिंगमध्ये मान-बिन चालत नाही असं तिला सांगितलं. ती "हो बाबा" म्हणाली.

१७ जुलै, रविवार

बायकोचा समोरचा दात पडला.

गिऱ्हाइकाने फाटक परत पाठवलं होतं, बिजागरी तिरकी म्हणून. बिजागरी तिरकी नव्हती, त्याची भिंत तिरकी होती. मी वर आलो तेव्हा डोकं भणभणत होतं. बायको बेडरूममध्ये होती आणि दार लागलेलं होतं. मी दार ढकललं, ती मागे उभी होती, कड तोंडावर बसली. एवढंच झालं.

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. दार मी दोनदा ढकललं. दुसऱ्यांदा ढकललं तेव्हा ती मागे आहे हे मला माहीत होतं.

वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. रुमालात बर्फ बांधून दिला तो तिने घेतला, पण माझ्या हातातून नाही, मी टेबलावर ठेवल्यावर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नवा दात बसवून द्यायचं कबूल केलंय. एक गोष्ट मात्र मी छातीठोक सांगू शकतो, पोरीवर मी आजवर हात उचललेला नाही. माझ्या बापाने मला पट्ट्याने, पाइपाने, हाताला येईल त्याने हाणलं. मी तसा नाही, आणि हे कोणीतरी जमेस धरायला हवं.

आज आवाजांच्या वहीत पानभर मजकूर होता. डोळ्यांत पाणी होतं म्हणून न वाचताच सही केली.

७ ऑगस्ट, रविवार

स्पर्धा. यासाठीच तर वर्ष असं आखलं होतं, आणि हातचं गेलं.

पहिल्या लढतीत समोरची पोरगी हवेत ठोसे मारून मारूनच दमली. बारकीला एकही लागला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या लढतीतही लागला नाही, पण बारकीने एकही मारला नाही. तीन फेऱ्या नुसती डुलत होती. गुणांवर हरली. हॉलच्या मागे मी विचारलं, मारलं का नाहीस? म्हणाली, "तिने मला काही केलं नव्हतं."

शाळेत नाक फोडणारी ही. त्या मुलाने तरी हिला कुठे काय केलं होतं?

 घरी आल्यावर म्हटलं, चल खाली, मारायचं कसं ते आज शिकवतो. रागात नाही. नीट लिहितो, रागात नाही. वर्कशॉपमध्ये उतरल्यावर बारकीने विचारलं, "बाबा, आपण इथंच थांबू ना? आज वर कोणावर चिडणार नाही ना?" मी म्हटलं, तुझं झालं की मग बघू. तर तिने स्वतः जाऊन जिन्याच्या दाराला आतून कडी घातली. आईने बघितलेलं तिला आवडत नसेल, या वयात लाजतात पोरी.

डोक्याचं कव्हर घातलं नव्हतं. मी म्हणत होतो, मार, मला मार. ती हात खाली सोडून उभी. एक दिला, पोटात. वाकली, सरळ झाली, पुन्हा तशीच उभी. माझं डोकं फिरलं. किती दिले ते मोजले नाहीत. ओठ फाटला, डाव्या डोळ्याखाली सूज आली आणि ती वेल्डिंगच्या टेबलाला पाठ लावून खाली बसली. तेव्हा मी थांबलो. दारावर पलीकडून बायको दोन्ही हातांनी धडका देत होती, ते मला तेव्हा ऐकू आलं.

बॉक्सिंगमध्ये ओठ फाटतातच. तरी हातमोजे काढल्यावर काडी पेटवायला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

वर गेलो, जेवलो, झोपलो. वर काहीच भांडण झालं नाही.

२२ ऑगस्ट, सोमवार

गेल्या बुधवारी बारकीने स्वतःहून वेळापत्रकात बदल सुचवला. मी इतका खूश झालो की प्लाय पुसून पुन्हा लिहिला. म्हणते, संध्याकाळचा सराव साडेपाचला नको, तुम्ही शटर ओढल्यावर ठेवू. तुम्ही वर येण्याच्या आधी. रोज. रविवारीसुद्धा.

मी म्हटलं, आणि अभ्यास? म्हणाली, "तो मागेपुढे करता येईल, बाबा. लवचिकच आहे ना." हजरजबाबी आहे कार्टी.

तेव्हापासून रोज शटर ओढलं की आम्ही दोघं खाली. गार्डचं कोडं अजून सुटलेलं नाही, उभी राहते आणि खाते. मी आता मोजून मारतो, तोंडावर कमी. पण दिवसाचा सगळा चिकटा निघून जातो. वर जातो तो हलका होऊन. या पाच दिवसांत घरात एक कप फुटला नाही. बायकोचा नवा दातही बसला. फक्त ती माझ्याशी बोलत नाही, आणि बारकीला अंघोळ घालायला स्वतः जाते, बारा वर्षांच्या घोडीला. आतून नळ सोडल्याचा आवाज येतो आणि बराच वेळ बंद होत नाही.

काल मी दाराशी उभा राहून ऐकलं. बायको म्हणत होती, "हे तू नाही ठरवायचं, बाळा. हे मी ठरवायला हवं होतं." वेळापत्रकाबद्दलच असणार. तिला न विचारता बदललं ना.

६ सप्टेंबर, मंगळवार

तपासणी झाली. झकास झाली.

तपासणीच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लटकवलेला, बोलायला मऊ. आधी प्लाय पाहिला. गणिताची वही पाहिली. मी जाळीचं माप दाखवलं, त्यांनी स्वतः गुण्या लावून बघितला. बारकीच्या डोळ्याखाली जुनी पिवळी खूण होती तिच्याबद्दल विचारलं, मी स्पर्धेचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांनी मान हलवली.

मग बारकीने आपणहून आवाजांची वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "शेवटी निष्कर्ष आहे. आधी नोंदी वाचा, नाहीतर खोटं वाटेल."

बाई वाचत बसल्या. पाऊण तास. मी दोनदा चहा विचारला, नको म्हणाल्या. मधेच विचारलं, "या पानांवर सह्या कोणाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं. "एकही पान सोडलेलं नाही."

"प्रत्येक पान पाहिलंत?"

"रोजच्या रोज."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बारकीला विचारलं, "निष्कर्ष तू एकटीने काढलास?" ती हो म्हणाली. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि बायकोने या खेपेला बाही खाली ओढली नाही. बाई मला म्हणाल्या की अशी वही त्यांनी आजवर पाहिली नाही, कार्यालयात वरिष्ठांना दाखवायला हवी. आईच्या सह्या लागतील, मुलीलाही दोन प्रश्न विचारतील, तेव्हा दोघींना आत्ताच बरोबर नेते. मी येऊ का म्हटलं तर म्हणाल्या, तुमचं काम खोळंबेल, तुमच्या सह्या आहेतच.

बायकोने पिशवी भरून ठेवलेली होती, भरलेलीच. तयारी म्हणायची ती अशी. बारकी खाली उतरताना माझ्याजवळ एक क्षण थांबली, म्हणाली, "बाबा, आज सराव नाही." म्हटलं, आज तुला सुट्टी. आनंदाने मी दुपारी पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक मांडायला घेतलं.

रात्रीचे नऊ झाले. कार्यालय एवढा वेळ उघडं असतं का?

१० सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस कोठडीत होतो. आज सोडलं.

बुधवारी सकाळी कार्यालयाचा माणूस आणि एक महिला पोलीस आले होते. मी दोघींच्या जवळपास फिरकायचं नाही, असा कागद होता. सोबत आवाजांच्या वहीच्या शेवटच्या पानाची प्रत. मी आधी जिन्याचं दार उखडलं, मग दवाखान्यात गेलो. बायको तिथे नव्हती. डॉक्टर म्हणाले, त्या येणार नाहीत, कुठे आहेत ते मला माहीत नाही. मी काचेच्या दारातून मूठ घातली. अकरा टाके पडले आहेत, म्हणून अक्षर असं. डॉक्टरच्या कानशिलात दिलेली मात्र डाव्या हाताने.

पानाची प्रत माझ्याकडेच राहिली आहे. तिचं अक्षर सुबक आहे, मुळात माझ्यासारखं. उतरवून ठेवतो.

'निष्कर्ष. जिन्यावर बूट सावकाश वाजले तर वर काहीतरी फुटतं किंवा आई पडते. अठ्ठावीस वेळा पाहिलं, सव्वीस वेळा खरं झालं. पण आधी खाली सराव झालेला असेल तर वर काही होत नाही. एकवीस वेळा पाहिलं, एकवीस वेळा खरं झालं. मी ठोसे चुकवले तर सराव लवकर संपतो आणि बूट सावकाश वाजतात. म्हणून मी चुकवत नाही.'

खाली माझी सही आहे. 'पाहिले.'

१९ सप्टेंबर, सोमवार

सहा महिने दोघींच्या जवळ जायचं नाही, असा हुकूम झाला. न्यायाधीश माझ्याशी एक वाक्यही चढ्या आवाजात बोलले नाहीत, त्याचाच राग आला. सुनावणीत बायको म्हणाली, नवरा वाईट नाही असं मी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आले, आता दमले.

वर्कशॉपमध्ये काम नाही. आज बॅगवर ठोसे मारत बसलो, टाके उसवले. एकवीस वेळा. इतक्या वेळा मी तिला मारलं यावर माझा विश्वास बसत नाही, पण मोजण्यात ती कधी चुकत नाही, जाळीचं माप मीच तपासलेलं आहे.

असंही वाटतं की तिने सांगायला हवं होतं. मला. एकदा म्हणायचं, बाबा, नको. मी थांबलो असतो. थांबलो असतो की नाही, हे लिहायला घेतलं आणि पेन तसंच धरून बसलो.

३ ऑक्टोबर, सोमवार

टपालाने कार्यालयाचं पाकीट आलं. घरी शिकायची परवानगी पुढे चालू राहिली आहे, शिक्षक म्हणून आईचं नाव. नव्या वेळापत्रकाची एक प्रत आईला आणि एक वडिलांना, असा त्यांचा जुना शिरस्ता असावा, कारकुनाने डोळे मिटून मला पाठवली. पत्ता मात्र काळ्या शाईने खोडलेला.

वेळापत्रक बारकीच्या हातचं आहे. 'नऊपर्यंत झोप.' आधी वाटलं, माझ्याच कार्टीने माझं नाव घालवलं, नऊपर्यंत कोण झोपतं? मग पुढे वाचलं. 'गणित, आईबरोबर. दुपारी काही नाही. पोहायला शिकणे. बॉक्सिंग, बुधवारी पाच वाजता, सरांच्या हॉलवर, वाटलं तर.'

वाटलं तर. मी हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो. मी अख्खा प्लाय भरला होता, त्यात हे कुठेच नव्हतं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

जायला नको होतं. कागद माझ्या खिशातच होता. तरी गेलो.

फक्त बघायचं होतं. हॉलच्या मागच्या बाजूला, जिथे कोच फाटक्या गाद्या टाकतो, तिथे एक खिडकी आहे. काच बंद होती. आतून बॅगांचा आवाज येत होता. बारकी रिंगमध्ये होती, डोक्याला कव्हर, समोर एक सोळा-सतरा वर्षांची थोराड मुलगी.

आणि बारकी मारत होती. डावा, डावा, उजवा, मग खाली बरगडीत. त्यातला एकही मी शिकवलेला नव्हता. ती थोराड मुलगी मागे मागे जात होती आणि म्हणत होती, "बास की गं." बारकी हसत होती. तोंडातलं रबर दिसत होतं इतकं. घरात तिला असं हसताना मी कधी पाहिलं, ते आठवून बघितलं.

मला भरून आलं. हे सगळं विसरलो, कागद विसरलो. शाबास म्हणायला काचेवर बोटं वाजवली.

बारकीने वळून पाहिलं आणि तिचे हात खाली आले. दोन्ही, मांडीजवळ. थोराड मुलीचा उजवा तोवर निघालेला होता, तिला थांबवता आला नाही. सरळ तोंडावर बसला. बारकी दोरावर आपटली आणि खाली पडली. कोच धावत आला, ती मुलगी रडायला लागली, रबराबरोबर रक्त आलं. बारकीने त्यांच्यापैकी कोणाकडेच बघितलं नाही. ती उठली, कोचचा हात बाजूला केला आणि खिडकीकडे तोंड करून सरळ उभी राहिली. हात तसेच खाली.

आमच्यामध्ये काच होती, भिंत होती, दहा-बारा माणसं होती. मी काही करणार नव्हतो. हे तिला कळावं म्हणून मी दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे.

तिने डोळे मिटून घेतले.